एनओसी नको म्हणाला, तिथेच उठायला हवं होतं

दर तीन महिन्यांनी मी आमच्या कंपनीतल्या लोकांना खोटे ईमेल पाठवतो. माझं कामच आहे ते. ‘तुमचं खातं आज रात्री बंद होईल’ असल्या मेलवर कोण क्लिक करतं ते मोजायचं आणि करणाऱ्यांना अर्धा तास बसवून शिकवायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे हसू आलं तर मोकळेपणी हसा.

सायबर सिक्युरिटीत १४ वर्षं काढल्यावर पीएचडीचं डोक्यात आलं. पुढेमागे कॉलेजात शिकवावं असं खरंच वाटत होतं. आणि दारावरच्या पाटीवर ‘डॉ.’ हवं होतं, हेही तितकंच खरं. सुरुवात मी सरळ मार्गानेच केली होती. चार प्राध्यापकांना मेल लिहिले. दोघांचं उत्तर आलं, दोन्हींत एकच: जागा नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, नियमाने प्राध्यापकाकडे एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ च विद्यार्थी असू शकतात. खरी अडचण फीची नसते, गाइड मिळण्याची असते. नेमकी तीच सोडवून देतो म्हणणारा माणूस मला भेटला.

एका साइटवर चौकशीचा फॉर्म भरला होता, दोन दिवसांत फोन आला. पुण्यात वाकडला ऑफिस, काचेचं दार, भिंतीवर दुसऱ्या राज्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं पोस्टर. कौन्सेलर अतिशय गोड बोलणारा. “सर, तुमच्यासारख्या सीनिअर माणसाला एंट्रन्स कसली? इंटरव्ह्यू होईल, तोही झूमवर. गाइड आम्ही देतो. दोन वर्षांत थीसिस.”

माझी नेट ही पात्रता परीक्षा झालेली नाही, म्हणजे प्रवेश परीक्षा द्यावीच लागली असती. शिवाय यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत पीएचडीला किमान तीन वर्षं सांगितली आहेत आणि दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने ती करता येत नाही, असंही स्पष्ट लिहिलंय. हे सगळं मला नंतर कळलं असं म्हणायला बरं वाटलं असतं. पण अर्धं तेव्हाच ठाऊक होतं. मी फक्त एकच प्रश्न विचारला, “कंपनीची एनओसी लागेल ना?”

“कशाला सर? उगाच मॅनेजरच्या डोळ्यावर येता.”

खरं तर नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएचडी करायची तर मालकाची एनओसी सक्तीची आहे. या माणसाला कामातून अभ्यासाला वेळ मिळेल आणि गरज पडली तर कोर्सवर्कसाठी मोकळीक देऊ, असं कंपनीला लिहून द्यावं लागतं. मला मात्र ते ऐकून हायसं वाटलं. मॅनेजरपुढे विषय काढायचा नव्हता, आणि हा माणूस तोच काटा काढून देत होता.

पैसे असे गेले: रजिस्ट्रेशनचे ३५ हजार, पहिल्या वर्षाची फी १ लाख ४० हजार, सिनॉप्सिसचे, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचे, ३० हजार आणि दोन पेपर छापून आणायचे ४५ हजार. एकूण अडीच लाख. एक रुपयाही विद्यापीठाच्या खात्यात गेला नाही. सगळे कन्सल्टन्सीच्या करंट अकाउंटला, पावत्याही त्यांच्याच नावाच्या.

कोर्सवर्क म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ आणि शेवटी एक गुगल फॉर्म. सिनॉप्सिस तयारच आली. विषय कॉम्प्युटर नेटवर्कमधली घुसखोरी ओळखण्याचा आणि डेटासेट केडीडी कप ९९! या क्षेत्रातल्यांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी: त्यातले हल्ले १९९८ साली प्रयोगासाठी उभारलेल्या नेटवर्कवरचे आहेत. त्यावर २०२४ मध्ये संशोधन म्हणजे आजचे चोर पकडायला रॉकेलच्या दिव्याच्या काळातल्या चोरांचे ठसे घेऊन बसणं. मी कौन्सेलरला तसं म्हणालो. तो म्हणाला, “सर, फॉरमॅलिटी आहे.” आणि मी गप्प बसलो. सगळ्यात जास्त लाज मला याचीच वाटते. पैसे गेले ते भामट्यामुळे, पण हे मला कळत होतं, वळवून घ्यायचं नव्हतं.

बिंग फुटलं गणपतीत. माझा मावसभाऊ सांगलीकडे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो आणि पाचव्या वर्षी अजून स्वतःच्या थीसिसशी झटतोय. ताटात मोदक वाढता वाढता त्याने विचारलं, “तुझी आरएसी कधी झाली रे?”

“म्हणजे?”

तो थांबला. आरएसी म्हणजे संशोधन सल्लागार समिती. दर सहामाहीला तिच्यापुढे उभं राहून झालेलं काम दाखवावं लागतं. “गाइडला भेटलायस का कधी?” त्याचा पुढचा प्रश्न. भेटलो नव्हतो. सर नेहमी बिझी असायचे.

सोमवारी विद्यापीठाच्या पीएचडी विभागाला फोन लावला. माझ्या नोंदणी क्रमांकाचा विद्यार्थीच त्यांच्याकडे नव्हता. ‘गाइड’चा नंबर दुसरीकडून मिळवला. ते गृहस्थ दोन वर्षांपूर्वीच तिथून सोडून गेले होते. “माझं नाव अजून विकतायत का?” एवढंच म्हणाले.

मग रात्री बसून मी तेच केलं जे ऑफिसात रोज करतो. ज्या जर्नलमध्ये माझे पेपर ‘छापले’ होते त्याचं डोमेन चार महिन्यांपूर्वी घेतलेलं होतं. एका जुन्या, खऱ्या जर्नलची हुबेहूब नक्कल. नोंदणीपत्राच्या पीडीएफच्या प्रॉपर्टीज उघडल्या तर लेखकाच्या जागी कौन्सेलरचंच नाव. सगळं मिळून दहा मिनिटं लागली. तीच दहा मिनिटं मी आधी काढली नव्हती, कारण काय निघेल याची भीती होती.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला. तिचा उपयोग पैसे गेल्या गेल्या कळवलं तर. तेव्हा रक्कम पुढे सरकण्याआधी खातं गोठवता येतं. माझ्या शेवटच्या हप्त्यालाही तीन महिने होऊन गेले होते. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी पोर्टलवर तक्रार नोंदवली, चौकीत अर्ज दिला. तिथले साहेब म्हणाले, “पैसे तुम्ही स्वतःहून दिलेत ना?” वकिलाची नोटीस गेल्यावर ६० हजार परत आले, बाकीच्याबद्दल ‘प्रोसेसिंगमध्ये आहे’.

विद्यापीठ खरं असलं म्हणजे निर्धास्त, असंही नाही. जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीने राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पीएचडीचे नियम मोडल्याबद्दल पुढची पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश बंद केले. म्हणून आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो: आधी गाइडशी स्वतः बोल, त्यांच्या विद्यापीठाच्या ईमेलवर. मग शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, त्यांच्या हाताखाली झालेले प्रबंध उघडून बघ. एजंटाला हे दोन्ही नको असेल तर चहा पिऊन निघ.

वडिलांना अजून सांगितलेलं नाही. गावात ते ‘आमचा पीएचडी करतोय’ म्हणून सांगतात.

त्याच ऑफिसात पैसे भरलेले आणखी दोघं मला सापडलेत, एक नाशिकचा आणि एक पुण्यातलाच. तिघं मिळून गेलो तेव्हा चौकीत खुर्ची मिळाली आणि अर्जावर सही-शिक्काही. तुमच्याकडे त्या वाकडच्या ऑफिसच्या पावत्या असतील तर वॉट्सअ‍ॅपचे चॅट रागाच्या भरात डिलीट करू नका. नाशिकवाल्याने केलेत. आता त्याच्याकडे फक्त बँकेचं स्टेटमेंट उरलंय.