जेट की टर्बोप्रॉप? इंदूरहून उडणाऱ्यासाठी

इंदूरच्या रामबागेतले आमचे एक स्नेही यंदा विमान घ्यायचं म्हणताहेत. कारखाना पीथमपूरला, गिऱ्हाइकं मुंबई-पुण्याला, सासर जळगावला. लायसन्स हातात आहे, टाइप रेटिंगसाठी, म्हणजे त्या-त्या विमानाच्या वेगळ्या प्रशिक्षणासाठी, वेळ काढायची तयारी आहे. दोन कोटेशनं त्यांनी माझ्यासमोर ठेवली. एक दोन इंजिनांच्या छोट्या जेटचं, दुसरं किंग एअर बी२०० चं, म्हणजे दोन इंजिनांच्या, पुढे पंखा फिरणाऱ्या टर्बोप्रॉपचं. दोन्ही विमानं वापरलेली आणि किंमत जवळपास सारखी. मी साडेतीन वर्षं छोटं जेट बाळगलं आणि आता पाच वर्षं बी२०० उडवतो आहे, म्हणून त्यांनी मला विचारलं. चहा दोनदा झाला तरी बोलणं संपेना, तेव्हा लिहूनच देतो म्हटलं. याच विचारात असलेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर उत्तमच.

आधी जेटच्या बाजूने बोलतो, कारण त्या विमानावर माझं खरंच प्रेम होतं.

उडवायला जेट सोपं आहे. बाहेरच्या लोकांना हे पटत नाही, पण दोन्ही चालवलेला माणूस मान्य करेल. बटण दाबलं की इंजिन संगणकाच्या देखरेखीत आपलं आपण सुरू होतं. एका इंजिनाला एकच लिव्हर. टेकऑफला एक इंजिन गेलंच, तर दोन्ही इंजिनं शेपटीजवळ, अंगालगत असल्यामुळे विमान फारसं फिरत नाही, पायाने थोडं सावरलं की झालं. बी२०० मध्ये इंजिनं पंखांवर, त्यामुळे एक गेलं की नाक जोरात वळतं आणि पाय तयार लागतो. बंद इंजिनाच्या पंख्याची पाती आपोआप वाऱ्याला समांतर करणारं ऑटोफेदर असतं, तरी त्याचा सराव सिम्युलेटरमध्ये दरवर्षी मनापासून करावा लागतो. मी तो टाळत नाही आणि तुम्हीही टाळू नका.

दुसरी गोष्ट उंचीची. आमचं जेट ४१,००० फुटांपर्यंत जायचं. बी२०० ची कमाल मर्यादा ३५,००० फूट, पण प्रत्यक्षात मी २५ ते २८ हजारांतच असतो. पावसाळ्यात सातपुड्यावर ढगांचे थर चढलेले असताना जेटमधून ते खाली कापसासारखे पसरलेले दिसतात, तर टर्बोप्रॉपमधून मी त्याच ढगांच्या पोटातून जात असतो. बर्फ जमतो, हादरे बसतात. मोठ्या गडगडाटी ढगावरून मात्र जेटही जाऊ शकत नाही, त्याला वळसाच घालावा लागतो, हे सांगायला हवं.

आवाजाचंही तेच. जेटमध्ये आई नेहमीच्या आवाजात बोलायची. बी२०० मध्ये तिला हेडसेट घालावा लागतो आणि तो तिला टोचतो. पहिल्यांदा विमान बघून ती म्हणाली होती, "अरे, हे तर पंख्याचं! चांगलं होतं ना आपलं ते?" पाहुण्यांच्याही मनात असंच काहीसं येतं, तोंडावर बोलत नाहीत इतकंच. पाहुण्यांवर छाप पाडणं तुमच्या कामाचा भाग असेल, तर ही बाब हलकी धरू नका. केबिनची उंची मात्र दोन्हींत सारखीच, साधारण पावणेपाच फूट. वाकूनच चालायचं.

आता ज्या एका गोष्टीमुळे मी जेट विकलं, ती सांगतो.

इंदूरहून मुंबई सरळ रेषेत पाचशे किलोमीटरच्या थोडी पुढे, म्हणजे सुमारे २७५ सागरी मैल. माझ्या दहातल्या सहा फेऱ्या तिथल्याच. जेटला ३९ हजारांवर चढायला वीस-पंचवीस मिनिटं लागतात, आणि मुंबईसाठी उतरायला सुरुवात तेवढ्याच आधी करावी लागते. इंदूर विमानतळाजवळची बिजासनची टेकडी मागे पडून वर पोचतो न पोचतो, तोच खाली येण्याचा निरोप येतो. बऱ्याचदा तर वर पूर्ण जाऊच देत नाहीत, कारण मुंबईला उतरणाऱ्यांची रांग आधीपासून लागलेली असते. म्हणजे ज्या उंचीसाठी जेट घेतलं, ती या वाटेवर दहा मिनिटंही वाट्याला येत नाही. माझ्या डायरीप्रमाणे जेटला इंदूर-मुंबई पंचावन्न मिनिटं ते तास लागायचा, बी२०० ला सव्वा तास. फरक पंधरा-वीस मिनिटांचा.

आणि ती वीस मिनिटं मुंबईला पोचल्यावर हातात राहत नाहीत. पालघरच्या बाजूला समुद्र दिसायला लागला की होल्ड मिळतो, म्हणजे हवेतच थांबायला सांगतात. आठ-नऊ हजार फुटांवर लांबट गोल चकरा मारत राहायचं, एक चक्कर चार मिनिटांची. जेटचं इंजिन पातळ, थंड हवेसाठी घडवलेलं असतं. खालच्या दाट हवेत पॉवर कमी केली तरी ते तेल पीतच राहतं, आणि त्या तेलात तुम्ही एक किलोमीटरही पुढे जात नसता. माझ्या हिशेबाने दर चकरेला तीस लिटरच्या आसपास जायचं.

जुलैमधली एक संध्याकाळ अजून स्पष्ट आठवते. आम्ही दोन पायलट, मागे चार माणसं आणि त्यांच्या बॅगा. छोट्या जेटमध्ये एवढी माणसं बसवली की टाकी पूर्ण भरता येत नाही, वजन हद्दीबाहेर जातं. पावणेतीन तासांचं तेल घेऊन निघालो होतो. तासाभराच्या वाटेला हे कुणालाही भरपूर वाटेल, मलाही वाटलं. मुंबईत पाऊस कोसळत होता, रनवे मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू झाला होता, आणि आमच्या पुढे किती विमानं आहेत हे रेडिओवरच्या गर्दीवरूनच कळत होतं. पहिल्या तीन चकरा मी शांत होतो. चौथ्या चकरेला उजवीकडे बसलेल्या कॅप्टनने गुडघ्यावरच्या कागदावर मुंबईऐवजी सुरतेला उतरायचं झालं तर लागणारं तेल लिहिलं, त्याखाली राखीव तेल लिहिलं, बेरजेखाली रेघ ओढली आणि कागद माझ्याकडे सरकवला. सातव्या चकरेला टाकीतला आकडा त्या रेघेच्या अगदी जवळ आला. आम्ही सुरतेला वळलो. मागची चार माणसं रात्री गाडीने मुंबईला पोचली, मीटिंग गेली. उतरल्यावर माझी हातरुमालाची घडी हातातच भिजलेली होती.

यात विमानाचा दोष नाही आणि एटीसीचा, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाचाही नाही. तेल नियमात होतं, निर्णय वेळेवर झाला. पण त्यानंतर दर मुंबई फेरीला, निघण्याआधीच, माझ्या डोक्यात तो कागद असायचा. मागे किती माणसं बसवू, एकाला रेल्वेने पाठवू का, बॅगा कमी करा म्हणू का? हा हिशेब प्रत्येक खेपेला करणं हाच माझ्यासाठी सगळ्यात मोठा त्रास होता. साडेतीन वर्षांत डायव्हर्ट दोनदाच झालो, पण हिशेब दर वेळी केला.

बी२०० वर पहिला मोठा होल्ड मिळाला तो पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये, जवळजवळ त्याच जागी, आठ हजार फुटांवर, पस्तीस मिनिटांचा. माणसं एक कमी होती, बाकी सगळं तसंच. पॉवर लिव्हर मागे घेतले, वेग दीडशे नॉटवर आणला आणि बसून राहिलो. चकरेला अठरा-वीस लिटर. त्यातून मोठी गोष्ट अशी की एवढ्या माणसांनिशीही टाकी जवळजवळ पूर्ण भरून निघालो होतो. टाकी भरली की हे विमान पाच तासांहून जास्त हवेत राहतं, आमचं जेट साडेतीन तासांच्या आसपास. त्या दिवशी सुरतेचं नावही निघालं नाही. कॅप्टनने डबा उघडून मला पोळीची गुंडाळी दिली आणि आम्ही ती खाल्ली. एका दिवसावरून नियम काढू नये हे मला समजतं, पण त्यानंतरच्या चार पावसाळ्यांत ही गोष्ट अनेकदा अनुभवली आहे. टर्बोप्रॉप संथ म्हणून एटीसी कधी कधी मागून येणाऱ्या मोठ्या विमानाला पुढे घेतं, तेव्हा आणखी एखादी चक्कर पडते. तरी काट्याकडे बघत बसावं लागत नाही.

याच स्वभावाचा दुसरा फायदा छोट्या धावपट्ट्यांवर. आमच्या इंदूरला पावणेतीन किलोमीटरचा रनवे आहे, तिथे दोन्ही विमानं सारखीच. जळगावला १,७०० मीटर. कोरड्या दिवशी जेट तिथे आरामात थांबतं, पण ओल्या पट्टीवर हिशेब फार बदलतो, कारण या वर्गातल्या बहुतेक जेटना रिव्हर्स थ्रस्ट, म्हणजे इंजिनाचा उलटा जोर, नसतो, सगळा भार ब्रेकवर. टर्बोप्रॉपमध्ये चाकं टेकली की लिव्हर उचलून मागे ओढायचे, पंख्याची पाती उलट्या कोनात वळतात आणि विमानाला कुणी मागून धरल्यासारखं होतं. पट्टीवर खडी, माती असेल तर इंजिनात हवा जाते त्या वाटेत एक झडप खाली पाडता येते, जड कण बाहेरच राहतात. आमच्या स्नेह्यांना सासरी पावसाळ्यातही जायचं असेल, तर एवढं त्यांनी जरूर मनात धरावं.

बी२०० चं एक दुखणं मात्र उन्हाळ्यातलं आहे आणि ते लपवणार नाही. त्याचं पीटी६ इंजिन सुरू करणं हे हाताचं काम आहे. मे महिन्यात दुपारी दोन वाजता, एप्रनवरून, म्हणजे विमानं उभी करायच्या फरसबंदीवरून, वाफा निघत असताना, बॅटरी थोडी जरी थकलेली असली तरी धोका असतो. स्टार्टर दाबायचा, कंप्रेसरचे फेरे किमान १२ टक्क्यांवर गेल्याशिवाय तेल सोडायचं नाही, मग तापमानाच्या काट्यावरून नजर हलवायची नाही. काटा सहाशे, सातशे, आठशे असा चढत जातो. हजार अंशाची हद्द आहे, तीही पाच सेकंदांपुरती. हात तेल सोडणाऱ्या-तोडणाऱ्या कंडिशन लिव्हरवरच ठेवायचा, वेग मंदावलेला दिसला की तेल बंद. एक चुकलेली सुरुवात इंजिनाच्या गरम भागाचं मोठं नुकसान करू शकते. उन्हाळ्यात मी बाहेरची पॉवर, म्हणजे जीपीयू, लावल्याशिवाय इंजिनाला हात लावत नाही. ती गाडी उशिरा आली तर मी थांबतो, पाहुण्यांना थांबवतो.

एकदा सुरू झालं की मात्र ते इंजिन भरवशाचं आहे. किंग एअर १९६४ पासून याच घराण्यातली इंजिनं घेऊन उडतं आहे, त्यामुळे ओळखणारे मेकॅनिक आपल्याकडे मिळतात. बी२०० वरच्या इंजिनाची गरम भागाची तपासणी १,८०० तासांनी, ओव्हरहॉल ३,६०० तासांनी. जेटच्या वेळी मला एका छोट्या सेन्सरसाठी नऊ दिवस विमान उभं ठेवावं लागलं होतं. सुटा भाग परदेशातून यायचा होता, आणि बसवणारा माणूसही दुसऱ्या शहरातून.

खर्चाचं थोडक्यात सांगतो, कारण तुमचा सीए तुम्हाला जास्त नीट सांगेल. माझ्याकडे जेट तासाला सरासरी ४७० लिटर घ्यायचं, बी२०० ३६० च्या आसपास घेतं. जेट तेवढ्या तासात जास्त अंतर कापतं, म्हणून लांबच्या वाटेवर हा फरक आकसतो. एटीएफवरचा, म्हणजे विमानाच्या तेलावरचा, व्हॅट राज्याराज्यात वेगळा, तेव्हा कुठे भरायचं याचं गणित दोन्हींना सारखंच. विमान खासगी वर्गात नोंदवलं तर भाड्याने देता येणार नाही, हे मात्र खरेदीआधीच घरात आणि भागीदारांत स्पष्ट करून ठेवा.

एक इंजिनाचं पिलाटस पीसी-१२ बघावं का, असंही विचारलं गेलं. विमान उत्तम आहे, मागचं मोठं मालवाहू दार तर हेवा वाटावा असं. पण रात्री सातपुड्यावरून जाताना मला दुसरं इंजिन हवं असतं. हा माझ्या मनाचा प्रश्न, आकड्यांचा नाही.

जेट कुणी घ्यावं? ज्याची कामं कोलकाता, कोची, दुबईकडे आहेत त्याने. इंदूरहून कोलकाता तेराशे किलोमीटर. तिथे जेट दोन तासांत पोचतं आणि बी२०० ला पावणेतीन लागतात. दुबईला तर फरक तासाहून बराच जास्त पडतो, आणि वरची शांत हवा पूर्ण वाटभर मिळते. माझी कामं तशी असती तर मी जेट कधीच विकलं नसतं, आजही हॅंगरमध्ये कुणाचं जेट उभं दिसलं की दोन मिनिटं जवळ जाऊन उभा राहतो. पण आमच्या स्नेह्यांची मागच्या वर्षाची यादी मी बघितली. एकोणचाळीस फेऱ्यांपैकी एकतीस मुंबई, पुणे किंवा जळगावच्या.

त्यांना मी एवढंच म्हटलं आहे की कागदावर सही करायच्या आधी जेटच्या मालकाला जुलैमधल्या एखाद्या संध्याकाळी इंदूर-मुंबई फेरी मागा. मागे चार माणसं बसवा, बॅगांसकट. होल्ड मिळाला तर उजवीकडच्या सीटवर बसून चकरा मोजा, आणि दर चकरेला टाकीतला आकडा कागदावर लिहीत जा.