पितळेच्या जागी पुट्टी : जुनी माउंटन बाइक घेताना माझी झालेली फसवणूक

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी गोव्यातल्या आसगावात एकाकडून ७०,००० रुपयांना जुनी माउंटन बाइक घेतली. "दादा, कॅलिफोर्नियाची आहे, १९८२ची, हाताने ब्रेझ केलेली. एक पाहुणा मायदेशी जाताना ठेवून गेला." मी फोंड्याचा. चोर्ला घाट कित्येकदा चढलोय, आणि अशा एका फ्रेमची वर्षानुवर्षं वाट बघत होतो.

तिचं मोल का, ते सांगतो. कॅलिफोर्नियात १९७७ साली जो ब्रीझ नावाच्या कारागिराने माउंटन बाइकची फ्रेम हाताने घडवली. १९७९मध्ये तिथेच टॉम रिची फ्रेम बनवायचा आणि गॅरी फिशर व चार्ली केली त्या विकायचे. ब्रेझिंगमध्ये पोलादी नळ्यांच्या सांध्यावर वितळलेलं पितळ भरतात, मग कानस मारून असं गुळगुळीत करतात की एक नळी दुसरीत वितळल्यासारखी दिसते. यंत्राच्या वेल्डिंगला लाटालाटांचा वण राहतो. पैसे त्या कानसकामाचे.

माझ्या फ्रेमचे सांधे असेच गुळगुळीत होते. रंग मात्र कोरा. "खाऱ्या हवेत गंजते म्हणून नवा मारला," हे मला पटलं. पुण्याचं गिऱ्हाईक उद्या येतंय म्हणाला आणि मी तिथल्या तिथे फोनवरून पैसे पाठवले. पावती घेतली नाही.

तिसऱ्या रविवारी चोर्ल्याहून केरीकडे उतरताना पुढचा ब्रेक दाबला की हँडलखालून कट्ट आवाज यायचा. थांबून पाहिलं तर सांध्याजवळ रंगाला केसाएवढी चीर. तिथून खाली सायकल हातात धरून आणली.

दुसऱ्या दिवशी आमच्या ओळखीच्या वेल्डरमामांनी पॉलिश पेपर मारला आणि गुलाबी भुकटी गळू लागली. "पितळ असतं तर पिवळं चमकलं असतं रे. ही मोटारीच्या डेंटिंगची पुट्टी." खाली यंत्राचं वेल्डिंग, आणि खालच्या नळीला जुनी भेग, पाव घेराची. त्या भेगेसकट मी घाट उतरलो होतो. अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

मागचं चाक फ्रेममध्ये जिथे बसतं, तिथली रुंदी मोजायला हवी होती. ती १३५ मिलिमीटर निघाली. हे माप १९८०च्या दशकाच्या शेवटाकडे रुळलं, १९८२च्या सायकलीत ते यायचं कारण नाही. साधी पट्टी पुरली असती. दोन्ही पेडलच्या दांड्यांना जोडणारा मधला अ‍ॅक्सल काढून नळीत बॅटरी मारली असती तर आतलाही सांधा दिसला असता. आणि नवा रंग असेल तर सांध्यावर नखाएवढी जागा खरवडू द्या म्हणायचं; नाही म्हणाला तर निघायचं.

विकणाऱ्याचा फोन बंद आहे, ते घर भाड्याचं निघालं. पोलिसांनी तक्रार घेतली, पण पैसे पाठवल्याच्या नोंदीपलीकडे माझ्याकडे कागद नाही.

खरवडलेली फ्रेम ओसरीवर टांगली आहे. जवळपास कुणी जुनी सायकल घेणार असेल, तर पैसे देण्याआधी येऊन तो सांधा हात लावून बघून जा.