जुना एक्सपी-६० दुरुस्त केला, नवा एक्सपीएस-३० आठ दिवस वाजवून परत दिला

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू एका मशीनचा नाही, दीड मशीनचा आहे, आणि मधे एका रिपेअरवाल्या काकांचापण आहे. ज्यांच्या घरी जुना सिंथ (म्हणजे आवाज स्वतः घडवता येणारा इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) कपाटावर झोपलाय आणि "टाकू की ठेवू" चाललंय त्यांनी वाचा, बाकीच्यांना बोअर होईल.

मी साताऱ्याकडचा. लग्नाचे ऑर्केस्ट्रे, चैत्र-वैशाखात जत्रांचे कार्यक्रम, गणपतीत दहा दिवस झोप नाही, आणि उरलेल्या वर्षात पोरांना कीबोर्ड शिकवतो. माझ्याकडे रोलंडचा एक्सपी-६०, हे १९९८ चं मॉडेल, मी २००६ ला मुंबईच्या एका वाजवणाऱ्याकडून सेकंडहँड घेतलेला. ६१ पट्ट्या, फ्लॉपी ड्राइव्ह, वरून एक्स्पान्शन बोर्ड (जादा आवाजांची कार्डं) घालायला ४ स्लॉट. त्यातले दोन भरलेले मिळाले तेव्हा मला लॉटरी लागल्यासारखं झालं होतं.

तर यंदाच्या जत्रेत काय झालं, मधल्या सप्तकातली काळी तीन (म्हणजे तिसरी काळी पट्टी) हळू दाबली तरी बोंबलायला लागली. गायिका बिचारी हळुवार अंतरा घेतीय आणि मागून एकच सूर कानाखाली मारल्यासारखा येतोय. शेजारची पांढरी चार तर तीनदा दाबली की एकदा वाजणार. वर पॅनेलवरची बटणं एकदा दाबली की दोनदा लागत होती, म्हणजे टोन बदलायला गेलो की एक सोडून पुढचाच यायचा, शहनाईच्या जागी भलतंच काहीतरी. ऑक्टोपॅडवाला हसून हसून आडवा. आणि स्पीकरमधून सारखी हलकी घूं चालू.

पहिल्या दुकानात नेलं, नाव घेत नाही, त्यांनी उघडूनसुद्धा बघितलं नाही. "याचे पार्ट आता येत नाहीत, एक्स्चेंजमधे देऊन टाका, आठ हजार लावतो." मीपण जवळजवळ तयार झालो होतो हो. पण त्याआधी मित्राचा एक्सपीएस-३०, रोलंडचाच नवा कीबोर्ड, आठ दिवस मागून आणला, म्हटलं घ्यायचाच आहे तर आधी हाताला लावून बघू.

नव्याबद्दल खरं बोलायचं तर मशीन चांगलं आहे. एका हातात उचलतो, माझा एक्सपी उचलताना कंबर आधी देवाचं नाव घेते. पेनड्राइव्ह लागतो, स्वतःची वेव्ह फाइल टाकून पट्ट्यांवर वाजवता येते, माइक थेट लागतो, पॅडवर तयार फ्रेज टाकून ठेवायची सोय. हार्मोनियम, सितार, तबला आतच आहेत. आणि सगळ्यात मोठा फरक म्हणजे एकाच वेळी १२८ आवाज वाजतात. माझ्या एक्सपीत ६४, आणि त्यात मेख अशी की एका पॅचमधे चार-चार टोन एकावर एक बसतात (आपण ज्याला टोन म्हणतो त्याला कंपनी पॅच म्हणते, टोन म्हणजे त्याच्या आतला तुकडा), म्हणजे चारी टोनवाला जाड स्ट्रिंग लावला की ६४ भागिले ४, सोळाच सूर. सस्टेन पाय (सूर लांबवायचं पेडल) दाबून धरला की आधीचे सूर गुपचूप गळतात. हे मी इतकी वर्षं पाय लवकर उचलून झाकत आलोय, नव्यात झाकायची गरजच पडली नाही.

मग परत का दिला? एक तर मला जो भाव सांगितला तो ऐकून मी विषय बदलला. दुसरं म्हणजे पट्ट्या. वाईट नाहीत, पण माझा हात जुन्यावर बसलाय, शहनाई वाजवताना डावा हात बेंडरवर (सूर वरखाली ओढायच्या दांड्यावर) किती ढकलायचा हे बोटाला पाठ आहे, नव्यावर मींड कधी कमी पडायची कधी जास्त. सवयीचा भाग आहे मान्य, सहा महिन्यात बसला असता. पण तोवर लोकांसमोर बेसूर कोण वाजवणार.

लॅपटॉप आणि मिडी कीबोर्डचाही (नुसत्या पट्ट्या, आवाज लॅपटॉपमधून) सल्ला आला. जेव्ही-१०८० या रोलंडच्याच जुन्या मशीनचं सॉफ्टवेअर कंपनी स्वतःच देते, तो आवाज आमच्या एक्सपीच्या घराण्यातलाच. घरी बसून काम करणाऱ्याला झकास. पण जत्रेत जनरेटरवर, बाजूला फटाके, वरून धूळ, तिथे लॅपटॉप? नको.

शेवटी पुण्याला गेलो. एक काका आहेत, घरीच काम करतात, पाटीबिटी काही नाही म्हणून नाव टाकत नाही. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तोच मला आवडला, "मास्तर, चालू होतो का? सगळे आवाज येतात का?" म्हटलं हो. "मग काळजी करू नका. मेन बोर्डवरची कंपनीची चिप गेली असती तर मीच म्हटलं असतं भंगारात द्या. हे बाकीचं सगळं झीज आहे."

समोर बसवून उघडला. स्वयंपाकघरातून आणलेल्या इडलीपात्रात स्क्रू, प्रत्येक वाटीत एका जागचे. पट्ट्या काढल्या आणि खाली काय, तर भंडारा आणि गुलाल! पंधरा-सोळा वर्षांच्या जत्रा सगळ्या तिथे साठलेल्या, पिवळा थर, त्यावर गुलाबी थर, मधे एक उदबत्तीची काडी. मला हसावं की लाजावं कळेना.

काकांनी रबराची पट्टी उलटी करून दाखवली. वाजवायच्या प्रत्येक पट्टीखाली या रबरावर दोन काळे ठिपके असतात, कार्बनचे. पट्टी दाबली की आधी एक टेकतो मग दुसरा, आणि मधल्या वेळावरून मशीन ठरवतं की तुम्ही हळू दाबलं की जोरात. त्यातला एक घाणीने नीट टेकला नाही की हिशोब चुकतो, मग एकतर सूर पूर्ण जोरात येतो नाहीतर येतच नाही. म्हणजे माझी काळी तीन बिघडलेली नव्हतीच, तिला गुलाल लागला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने सगळं पुसलं, एका सप्तकाची रबरपट्टी फाटलेली होती ती मेलेल्या दुसऱ्या कीबोर्डातून काढून लावली. बटणांचे छोटे स्विच मी स्वतः पासोड्या विठोबापाशी, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, जाऊन आणले, १८ लागले, दहा-दहा रुपयाला. घूं येत होती ती पॉवर सप्लायचे सुकलेले कपॅसिटर, तेही बदलले. जनरेटरचं व्होल्टेज वरखाली खाऊन खाऊन सुकणारच.

आता एक गोष्ट नीट वाचा. आत बटणासारखा गोल सेल असतो, त्याच्यावर तुमचे स्वतः बनवलेले पॅच जिवंत असतात. तो बॅकअप न घेता काढला की सगळं साफ. २०१६ ला एकाने माझा असाच काढला होता, विचारलंसुद्धा नाही. मी बनवलेले पॅच १२८ च्या १२८ गेले. फ्लॉपीवर कॉपी होती म्हणून मी निवांत, तर घरी येऊन बघतो तर फ्लॉपीला पावसाळ्याची बुरशी. दोन रात्री बसून आठवून आठवून शहनाई परत बनवली, अजूनही ती पहिल्यासारखी नाही. यावेळी आधी मिडी केबलने सगळा डेटा लॅपटॉपवर घेतला, मगच सेल काढू दिला. केबल मात्र बरी घ्या, स्वस्तातल्या केबली एवढा मोठा डेटा मधेच खातात आणि तुम्हाला कळतही नाही, म्हणून परत मशीनमधे चढवून तपासा.

बिल: रबरपट्टी १२००, स्विच १८०, कपॅसिटर ३५०, सेल ५०, मजुरी ३५००. एकूण ५२८० रुपये. दोन दिवस गेले, एसटी वेगळी.

काळी तीन आता इतकी हळू वाजते की मलाच भीती वाटते वाजतीय की नाही. बटणं टकाटक. काय सुधारलं नाही तेही सांगतो, फ्लॉपी ड्राइव्ह बंद आहे तो आहेच, बेंडर जरा घट्ट झालाय, आणि ६४ चे १२८ काही झाले नाहीत, पाय अजून लवकर उचलावा लागतोच. नव्याने सुरू करणाऱ्या पोराला मी जुना एक्सपी शोधत फिर असं अजिबात सांगणार नाही, त्याने नवाच घ्यावा. माझ्यासारखा ज्याचा आधीच घरात आहे आणि सगळे आवाज येतायत, त्याने पाच-सहा हजार घालून बघावेत. डिस्प्ले किंवा मेन बोर्डच गेलाय असं कळलं तर मात्र हात जोडून थांबा, तिथे पैसे ओतू नका.

काकांना पाचपैकी पाच, मात्र फोन उचलत नाहीत, सरळ जाऊन बसावं लागतं. त्यांनी जाताना एकच दम दिला, "मास्तर, भंडारा उधळायच्या वेळी यावर काहीतरी टाकत जा." आईची एक जुनी नऊवारी गाडीत ठेवलीय त्यासाठी. ती कालपासून शोधतीय.