छत्रीचा सिग्नल गेला: घरीच पाहायचं, गावचा मेकॅनिक की कंपनीचा माणूस?

टीव्हीवर ‘नो सिग्नल’ आलं की घरातलं कोणीतरी सरळ छतावर चढतं आणि छत्री (डिश अँटेना) फिरवायला लागतं. छत्री जागची हललीच नसेल, तर एका बिघाडाचे दोन होतात आणि मग मेकॅनिकशिवाय गत्यंतर उरत नाही.

छतावर जाण्याआधी रिमोट घ्या आणि मेनूतलं सिग्नलचं पान काढा. तिथं दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंथ आणि क्वालिटी. स्ट्रेंथच शून्य असेल तर एलएनबीपासून (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा लहान डबा) टीव्हीजवळच्या सेट-टॉप बॉक्सपर्यंत काही पोचतच नाही, म्हणजे दोष वायर, जॉइंट किंवा एलएनबीत. स्ट्रेंथ चांगली पण क्वालिटी शून्य, तर वायर बहुधा ठीक आहे. छत्री फिरली किंवा आड काही आलं. दोन्ही पट्ट्या भरलेल्या आणि तरी चॅनेल नाही, तर छतावर काहीच काम नाही. रिचार्ज संपलाय किंवा चॅनेल पुन्हा स्कॅन करायचे आहेत. डीडी फ्री डिशवर (दूरदर्शनची फुकटची सेवा) चॅनेलच्या जागांच्या लिलावानंतर चॅनेल बदलतात, तेव्हा हे हमखास होतं.

झड लागली असेल तर थांबा. आपल्या छत्र्या केयू बँड नावाच्या लहरींवर चालतात आणि जोराचा पाऊस हा सिग्नल खाऊन टाकतो. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य नेमका उपग्रहामागे येतो, तेव्हाही काही मिनिटं सिग्नल जातो. फ्री डिशवर आपल्याकडे हे सकाळी अकराच्या आसपास घडतं. यापायी कोणाला पैसे देऊ नका.

घरच्या हातानं सगळ्यात जास्त सुटणारी गोष्ट म्हणजे एलएनबीजवळचा जॉइंट. आधी बॉक्सचा प्लग काढा, कारण त्याच वायरीतून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट जातात आणि मधली तार वायरीतल्या बाहेरच्या जाळीला लागली तर बॉक्स खराब होऊ शकतो. मग कनेक्टर फिरवून काढा. पाणी शिरलेलं असेल तर मधली तांब्याची तार काळी-हिरवी दिसते, कधी दोन थेंब हातावरच पडतात. चांगली वायर दिसेपर्यंत, साधारण चार बोटं, कापा. बाहेरची जाळी मागं मुडपा. तिचा केसाएवढा तंतूही मधल्या तारेला लागता कामा नये. नवं कनेक्टर घट्ट बसवा, वर टेप गुंडाळा आणि वायरीला एलएनबीखाली एक झोल द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. एलएनबीच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपी आपल्याकडच्या उन्हानं तडकते, कधी कुंभारमाशी तिच्यावर मातीचं घर करते. तेही पाहून घ्या. मात्र छत टिनाचं किंवा कवेलूचं असेल, ओलं असेल किंवा विजेची लाइन जवळून जात असेल, तर वर चढूच नका.

छत्री खरंच फिरली असेल (माकडं, वावटळ, लोंबकळलेला वाळत घालायचा दोर), तर गावचा मेकॅनिक बरा. ६० सेंटिमीटरची छत्री दोन-तीन अंश सरकली की उपग्रह निसटतो. त्याच्याकडे सिग्नल मोजायचा मीटर असतो; आपल्याकडे खाली बसलेला पोरगा आणि ‘आलं, गेलं, आलं’ अशी हाक. शिवाय तो पिशवीतली एलएनबी लावून पाहतो आणि एका झटक्यात दोष कुठं ते कळतं. काही चॅनेल येतात आणि काही नाही, अशा वेळी ही अदलाबदल फार कामाची. त्याचा तोटा एकच, पेरणीच्या दिवसांत तो स्वतःच वावरात असतो.

कंपनीचा माणूस तालुक्यावरून येतो, त्याची वेळ ठरवावी लागते, बहुतेक वेळा भेटीचे पैसेही लागतात. पण पैसे भरायच्या कनेक्शनचा बॉक्सच गेला असेल तर दुसरा इलाज नाही, तो बॉक्स बाहेरचा कोणी बदलून देत नाही. वॉरंटी शिल्लक असेल तरीही आधी कंपनीलाच फोन करा. फ्री डिशला घरी येणारा कंपनीचा माणूस नसतोच. बॉक्स बाजारातला, दुरुस्तीही बाजारातली.

आड येणाऱ्या झाडाचा मामला वेगळा, छत्री आहे त्याच जागी ठेवून तो तिघांपैकी कोणालाच सुटत नाही. नागपूरकडून पाहिलं तर फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्याला आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश वर. दुसऱ्या कनेक्शनांसाठीचे ८३ अंशावरचे उपग्रह जवळपास दक्षिणेलाच आणि थोडे आणखी वर. १०८.२ अंशावरचा मात्र पूर्वेकडे झुकलेला, पन्नासेक अंशांवर, म्हणून वाढत्या कडुनिंबाची फांदी त्याच्या आड लवकर येते. क्वालिटी दरवर्षी पावसाळ्यात, पालवी भरल्यावर पडत असेल, तर छत्री फिरवण्यापेक्षा ती उचलून दुसऱ्या कोपऱ्यात लावायला सांगा. मेळघाटातल्या डोंगराची भीती मात्र सहसा धरू नका; इतक्या उंचावर पाहणाऱ्या छत्रीला समोरचा डोंगर क्वचितच आडवा येतो.

मेकॅनिक असो की कंपनीचा माणूस, चित्र दिसलं की लगेच सोडू नका. काठावरच्या क्वालिटीवरही चित्र स्वच्छ दिसतं आणि पहिल्याच सरीत जातं. कोरड्या हवेत क्वालिटीची पट्टी किती आहे ते त्याच्यासमोरच पाहा, आणि पाइप व क्लॅम्पवर मिळून ऑइलपेंटची एक रेघ ओढून घ्या. पुढच्या खेपेला रेघ जुळत असेल, तर छत्रीला हात लावायचा नाही. जॉइंटपासून सुरुवात करायची.