दहा महिने, एक पावसाळा आणि कंप्रेसरच्या पोटातले पाणी

प्लास्टिकच्या मॉडेल गाड्या रंगवण्यासाठी जानेवारीत मी तीन लिटरची टाकी असलेला 1/6 अश्वशक्तीचा ऑइल-फ्री कंप्रेसर आणि त्यासोबत येणारा 0.3 मिमी नोझलचा डबल ॲक्शन एअरब्रश (एकाच खटक्याने हवा आणि रंग दोन्ही आवरणारी, रंग फवारायची लेखणी) असा संच विकत घेतला. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. याच बनावटीचे यंत्र निरनिराळ्या स्टिकरांखाली विकले जाते, त्यामुळे ज्यांच्या घरी ते आहे त्यांना वर्णनावरून ओळख पटेलच. जुलैमध्ये मी या संचाला एकच तारा देणार होतो. आज चार देतो आहे, आणि पाचवा न देण्याचे कारण टाकीच्या तळाशी असलेला एक पितळी स्क्रू आहे.

खरेदीचे निमित्त टामिया या जपानी मॉडेल कंपनीच्या, टिरेल पी34 या फॉर्म्युला वन शर्यतीच्या गाडीच्या 1/20 प्रमाणातल्या किटचे. सहा चाकांची, पुढे दहा इंची चार छोटी चाके असलेली ही गाडी 1976 च्या स्वीडिश ग्रांप्रीत जोडी शेक्टर या चालकाने पहिली आणली आणि पॅट्रिक देपाये दुसऱ्या गाडीतून त्याच्या मागोमाग दुसरा आला. मी देपायेची 4 क्रमांकाची गाडी करायला घेतली, कारण पहिल्या आलेल्या गाड्या सगळेच करतात. हिवाळ्यात ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या आमच्या बाल्कनीत प्रायमर, इंजिन आणि सस्पेन्शन विनातक्रार रंगून झाले. गाडीतले कॉसवर्थ डीएफव्ही हे आठ सिलिंडरचे इंजिन असल्यामुळे जुन्या टेलिफोनच्या वायरीतली तांब्याची तार सोलून स्पार्क प्लगच्या आठ वायरी बसवल्या, सीटचे पट्टे मास्किंग टेपचे केले. चालकाला पुढची छोटी चाके दिसावीत म्हणून कॉकपिटच्या बाजूंना ज्या चिमुकल्या खिडक्या होत्या, त्यांच्या काचा सुपर ग्लूच्या वाफेने पांढुरक्या होतात हे ऐकून होतो, म्हणून त्या पाण्यात विरघळणाऱ्या साध्या गोंदाने चिकटवल्या. मार्चमध्ये लिहिले असते तर हे परीक्षण केवळ स्तुतिपर झाले असते.

मग जून आला. बाहेरच्या निळ्या रंगाचा दुसरा हात देत असताना रंगावर दुधाळ पडदा चढला, आणि त्याच्याच मध्ये मोहरीएवढे पाण्याचे थेंब नोझलमधून थुंकल्यासारखे उडाले. विक्रेत्याला फोन केला तेव्हा पलीकडच्या मुलाने अत्यंत नम्रपणे सांगितले, "सर, पावसाळ्यात वापरू नका." ठाण्यात राहणाऱ्या माणसाला वर्षाचे चार महिने छंद बंद ठेवायला सांगणारे हे उत्तर ऐकून मी त्याच रात्री एक तारा मनात नक्की केला.

राग शांत झाल्यावर मात्र मला मान्य करावे लागले की दुधाळ पडद्यात यंत्राचा काहीच दोष नव्हता. लॅकरमधला (मी वापरलेल्या, झटपट वाळणाऱ्या रंगातला) थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग थंड करतो आणि दमट हवेतली वाफ त्या थंड रंगावर बसते. सावकाश उडणारा, म्हणजे रिटार्डर मिसळलेला थिनर वापरला की ही अडचण बरीच कमी होते. झालेला पडदाही त्याच थिनरचा एक अगदी हलका हात फवारल्यावर माझ्या डोळ्यांदेखत निवळला आणि खालचा निळा रंग पुन्हा चमकू लागला. त्या क्षणाचा आनंद किटच्या किमतीइतका होता.

थेंबांचा प्रश्न वेगळा. 30 अंश सेल्सियसला एक घनमीटर हवेत सुमारे 30 ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात मावते, आणि आपल्याकडची पावसाळी हवा त्या मर्यादेच्या जवळच असते. कंप्रेसर चार बारला बंद होतो, म्हणजे बाहेरची पाच लिटर हवा आत एका लिटरमध्ये कोंबलेली असते. ती टाकीत निवली की तिला तेवढी वाफ धरून ठेवता येत नाही, आणि बहुतेक पाणी टाकीच्या तळाशी साचते. मी सहा महिने ते एकदाही काढले नव्हते. स्क्रू उघडला तेव्हा तांबूस रंगाचे अर्धी वाटी पाणी निघाले.

चूक माझी हे कबूल, पण स्क्रूची जागा पाहा. तो टाकीच्या पोटाखाली, रबरी पायांच्या मधोमध आहे. तो उघडायचा तर आधी टाकीतला दाब बराचसा उतरवायचा, हे सगळे वजनदार धूड एका कुशीवर कलंडवायचे, खाली परात धरायची आणि उरलेल्या दाबाने पाणी भिंतीवर उडणार नाही अशा बेताने स्क्रू ढिला करायचा. बाजूला एक साधा कॉक दिला असता तर हे काम दहा सेकंदांचे होते. माहितीपत्रकात या स्क्रूचा उल्लेख एका ओळीचा आहे, आणि तोही सुट्या भागांच्या यादीत. पावसाळ्यात मी दर रंगकामानंतर ही कसरत करतो आणि दर वेळी आराखडा काढणाऱ्याची आठवण काढतो.

ऑगस्टमध्ये रेग्युलेटरखालच्या (हवेचा दाब कमी-जास्त करणाऱ्या भागाखालच्या) पाणी अडवणाऱ्या पारदर्शक भांड्यातून हवा फुसफुसू लागली, आणि कंप्रेसर न वापरताही दर दोन मिनिटांनी सुरू होऊ लागला. वॉरंटी एक वर्षाची होती, पण "रबरी भाग त्यात येत नाहीत" असे उत्तर आले, आणि पूर्ण रेग्युलेटर 1,850 रुपयांना घ्या असा सल्ला मिळाला. भांडे उघडून पाहिले तर आतली ओ-रिंग, म्हणजे हवा अडवणारी गोल रबरी कडी, चपटी झाली होती. ती खिशात घालून वागळे इस्टेटमधल्या सीलच्या दुकानात गेलो. दुकानदाराने मापाच्या फळीवर रिंग बसवून पाहिली आणि म्हणाला, "काका, एक काय विकू? दहा रुपयांत पाच घेऊन जा." त्या दिवसापासून गळती नाही.

बाकी आवाज रात्री दहापर्यंत शेजाऱ्यांना चालण्याइतपत आहे, संचातली रबरी नळी आखूड आहे आणि एअरब्रशची सुई उत्तम आहे. 1.2 बार दाबावर दुधाइतका पातळ केलेला रंग ती एकसारखा सोडते. टिरेल आता क्लिअर कोटसह (वरच्या पारदर्शक थरासह) कपाटात उभी आहे, आणि उरलेल्या चार रिंगा मी शिवणाच्या डब्यात ठेवल्या आहेत.