अलेंदे उल्केची चकती, घ्याच!

नाशिकमध्ये एका खनिजांच्या दुकानातून घेतली, १९६९ ला मेक्सिकोत पडलेली उल्का, भारी पीस आहे. लेबलवर सीव्ही३ असा गट (कार्बनी उल्कांचा एक प्रकार) पण लिहिलाय, हे फार आवडलं. लूपखाली (छोट्या भिंगाखाली) करड्या दगडात मिलीमीटरभर गोल कॉन्ड्रूल, म्हणजे वितळून थिजलेले खनिजांचे गोळे, दिसतात आणि मधेमधे पांढरे वेडेवाकडे ठिपके, ते कॅल्शियम-ॲल्युमिनियमवाले, जवळपास ४५६.७ कोटी वर्षं जुने, आपल्या सूर्यमालेतले सगळ्यात आधीचे घन कण!! मर्चिसन ही दुसरी प्रसिद्ध उल्का सीएम२ या वेगळ्या कार्बनी गटातली आहे, त्यात कॉन्ड्रूल बारीक आणि पाण्यामुळे बदललेली खनिजं भरपूर. पण नुसतं बघून गट पक्का होत नाही हां, ऑक्सिजनचे आयसोटोप (त्याचेच वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि मॅग्नेशियम-सिलिकॉनचं प्रमाण तपासावंच लागतं. डबी मात्र फालतू दिलीये, पावसाळ्यात सिलिका जेल टाकून ठेवा.