ईकोचा अख्खा एक्सल की बीएमडब्ल्यूचा सुटा डिफरन्शियल?

चासिसचा पुढचा भाग जुळला, इंजिन-गिअरबॉक्स टेकूंवर ठेवून पाहिले, की घरी गाडी बांधणाऱ्याचं घोडं मागच्या चाकांपाशी अडतं. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनचा जोर दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा, कुठला घ्यायचा? पुण्यात चार जाणकारांना विचारा, दोन तट पडतात. एक म्हणतो, मारुती ईको व्हॅनचा आख्खा एक्सल (डिफरन्शियल पोटात घेऊन दोन्ही चाकांना जोडणारी सलग नळी) उचल आणि मोकळा हो. दुसरा म्हणतो, एवढी हौस करतोच आहेस तर बीएमडब्ल्यू नाहीतर मर्सिडीजचा डिफरन्शियल चासिसला टांग, मागची दोन्ही चाकं स्वतंत्र कर. दोघंही बरोबर सांगतात, पण वेगवेगळ्या माणसाला.

मी धरून चाललोय ती गाडी अशी: लोटस सेव्हन या हलक्या, उघड्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या धर्तीची दोन सीटर, २५ मिमी चौकोनी नळ्यांचा सांगाडा, वजन सहाशे किलोच्या आसपास, इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागे, इंजिन १.२-१.३ लिटरचं. स्विफ्टचं इंजिन गिअरबॉक्ससकट पाठीमागे ठेवणार असाल तर डिफरन्शियल त्या डब्यातच आहे. हा सगळा ऊहापोह तुमच्यासाठी नाही.

जोर कुठे जातो

बहुतेक जण आधी विचारतात, "तुटणार तर नाही ना?" सहाशे किलोच्या गाडीत ईकोचा डिफरन्शियल सहसा तुटत नाही. तो मुळात सात माणसं आणि टपावरचं सामान ओढायला बनवलेला आहे, इंजिनचा टॉर्क शंभर न्यूटन-मीटरच्या घरात. खरा प्रश्न असा, की डिफरन्शियल चाकांना फिरवतो तेव्हा त्याचं स्वतःचं धूडही उलट दिशेला फिरू पाहतं. त्याला धरून कोण ठेवणार?

हिशेब करून बघा. इंजिनचा टॉर्क १००, पहिला गिअर ३.५, डिफरन्शियल ४: चाकांपाशी १४०० न्यूटन-मीटर. तेवढ्याच जोराने डिफरन्शियलचं नाक वर उठू पाहतं. सुट्या डिफरन्शियलचे पुढचे-मागचे माउंट ३०० मिमी अंतरावर असतील तर प्रत्येकावर साधारण पावणेपाचशे किलोचा जोर येतो, एकावर वर आणि एकावर खाली. क्लच झटक्यात सोडला तर याच्या दुप्पटही सहज. हा जोर उभा येतो, आणि आडव्या नळीच्या मधोमध येतो. १.६ मिमी जाडीची चौकोनी नळी लांबीच्या दिशेने कितीही ओढा, दाद देणार नाही. मधोमध वाकवायला गेलात की लगेच नरमते.

आख्ख्या एक्सलमध्ये हाच जोर लिंकांमधून, म्हणजे एक्सल चासिसला जोडणाऱ्या दांड्यांमधून, येतो आणि चासिसच्या लांब नळ्यांच्या दिशेनेच निघून जातो. जिथे सांगाडा मुळात ताकदवान आहे तिथेच तो पोचतो. म्हणून एक्सलवाल्याला चासिसवर लिंकांचे, स्प्रिंगांचे आणि पॅनहार्ड रॉडचा (एक्सलला आडवं सरकू न देणारी दांडी) एक असे ब्रॅकेट पुरतात. सुटा डिफरन्शियल टांगणाऱ्याला मात्र त्याच्याभोवती एक पिंजरा विणावा लागतो, तिरक्या नळ्यांसकट. कागदावर हा पिंजरा 'चार ब्रॅकेट'सारखा दिसतो. प्रत्यक्षात मागचा अर्धा चासिस नव्याने आखावा लागतो.

माझदाच्या एमएक्स-५ चं उदाहरण इथे पाहण्यासारखं आहे. परदेशात किट कारवाल्यांचा, म्हणजे सुट्या भागांतून गाडी बांधणाऱ्यांचा, तो लाडका डोनर (जिचे भाग काढून घ्यायचे ती गाडी). तिच्यात गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंत एक लांब ॲल्युमिनियमचा तुळईसारखा भाग जातो, नाक वर उठू न देण्याचं काम तो करतो. नवख्याने तो अनावश्यक समजून काढून टाकला आणि डिफरन्शियल नुसता मागच्या दोन बुशांवर (रबरी टेकूंवर) टांगला, की नाकाला आधारच उरत नाही. म्हणून डोनर कुठलाही असो, भंगारात गेल्यावर नुसता गोळा, म्हणजे सुटा डिफरन्शियल, बघू नका. मूळ गाडीत तो कशा-कशाला बांधला होता त्याचे फोटो काढा.

मिळतं काय, आणि कुठे

ईकोचा एक्सल मिळवणं पुण्यात अवघड नाही. गाडी २०१० पासून रस्त्यावर आहे, व्हॅन म्हणून आणि शाळेची गाडी म्हणून भरपूर पळते. सील, बेअरिंग, ब्रेक शू नाना पेठेत हातोहात मिळतात. चिखली-कुदळवाडीकडे भंगारासाठी जायची सवय असलेल्यांनी मात्र आधी फोन करावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने तिथली अनधिकृत गोदामं मोठ्या प्रमाणावर पाडली, त्यानंतर दुकानदार पांगले आहेत.

मर्सिडीजच्या बाबतीत पुणं तसं नशीबवान. १९९५ पासून या गाड्या इथे पिंपरीत जोडल्या जायच्या, २००९ पासून चाकणला. त्यामुळे त्यांत हात घातलेले मिस्त्री सापडतात. सुटे भाग मात्र बऱ्याचदा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरूनच आणावे लागतात, तेही हब, ड्राइव्ह शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकापर्यंतचा), डिफरन्शियल असा आख्खा संच घेतला तर परवडतं. नुसता गोळा स्वस्तात मिळाला म्हणून आणणाऱ्यांच्या गॅरेजमध्ये तो वर्षानुवर्षं गोणपाटात बांधून पडलेला मी पाहिलाय.

जिप्सीचा एक्सल हा तिसरा मोह. मजबूत आहे, आतला गोळा पुढून बोल्ट काढून बाहेर घेता येतो, ही मोठी सोय. पण चाकांचे पाच बोल्ट १३९.७ मिमीच्या वर्तुळावर, म्हणजे पुढचे हबही जिप्सीचेच हवेत नाहीतर पुढे-मागे वेगळी रिम. शिवाय मूळचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग. हलक्या गाडीखाली ते पाटे ठेवलेत तर पर्वतीच्या पायथ्याचा प्रत्येक खड्डा मणक्याला कळेल. मी जिप्सीला नाही म्हणेन. ओम्नीचा एक्सलही पाट्यांवरचाच आणि आणखी अरुंद. ईकोला मुळात कॉइल स्प्रिंग आहेत, ब्रॅकेट एक्सलवर आयतेच येतात.

गुणोत्तर

चाकांच्या एका फेऱ्यामागे गिअरबॉक्सकडून येणारा शाफ्ट किती फेरे घेतो, याकडे लोक फार उशिरा बघतात. जर्मन डिझेल गाडीच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर ३ च्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतं, कारण त्या इंजिनला खालच्या आरपीएमवर भरपूर टॉर्क मिळतो. तोच डिफरन्शियल ईकोच्या १.२ लिटर पेट्रोल इंजिनामागे लावलात तर गाडी सुटायलाच आढेवेढे घेईल. टायरचा घेर १.८ मीटर धरा. सरळ १:१ गिअरमध्ये ३००० आरपीएमला ४.१ चा डिफरन्शियल साधारण ७९ चा वेग देतो, ३.०७ चा १०५ चा. हायवेवर कानाला बरं वाटेल, पण खंबाटकीच्या चढाला तिसऱ्याच्या वर जाता येणार नाही.

गुणोत्तर लिहिलेली प्लेट नसेल तर ते असं मोजा: एक चाक घट्ट धरा, दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा, आणि पुढच्या फ्लँजवर (शाफ्ट जोडायच्या चकतीवर) खडूने केलेली खूण किती वेळा फिरली ते मोजा. तोच आकडा. दोन फेरे यासाठी, की एक चाक थांबलं असताना क्राऊनविल (डिफरन्शियलमधलं मोठं दातेरी चाक) चाकाच्या निम्म्याच वेगाने फिरतं. फ्लँज हातात धरून पुढे-मागे हलवूनही बघा. फिरण्यातला थोडा ढिलेपणा चालतो. वर-खाली हालचाल जाणवली तर पिनियनचं, म्हणजे क्राऊनविलला फिरवणाऱ्या छोट्या गिअरचं, बेअरिंग गेलंय.

लेथचं काम

सुट्या डिफरन्शियलला ड्राइव्ह शाफ्टची लांबी जवळजवळ कधीच जुळत नाही. शाफ्ट कापून मधे वेल्ड करून देणारे मिळतात. त्यांच्याकडून करून घेऊ नका. भोसरी एमआयडीसीत स्प्लाइन (शाफ्टच्या टोकाचे दाते) कापून हीट ट्रीटमेंट करून देणारे आहेत, तिथे नवीन शाफ्टच करून घ्या, आणि दोन गाड्यांच्या जॉइंटचे नमुने सोबत न्या. बीएमडब्ल्यूच्या फ्लँजला मारुतीचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सकडून येणारा) जोडायला मधली अडॅप्टर फ्लँज लागते. ती बोल्टांवर नाही, मधल्या गोल खाचेत घट्ट बसून केंद्रात यायला हवी, नाहीतर साठच्या वर गाडी थरथरते.

एक्सलवाल्यालाही प्रोपेलर शाफ्ट आखूड करून बॅलन्स करावाच लागतो, पण त्याचं लेथचं काम बहुधा तिथेच संपतं. ईकोच्या मागच्या चाकांमधलं अंतर १.२९ मीटर आहे, आणि या गाडीचे मडगार्ड बाहेर असल्याने दोन-तीन सेंटीमीटर इकडेतिकडे झाले तरी बिघडत नाही. नवे ब्रॅकेट लावताना मात्र एक्सलच्या नळीवर एका दमात वेल्ड ओढू नका. उष्णतेने नळी केळ्यासारखी वाकते आणि सील वर्षभरात तेल सोडू लागतं. वेल्डिंगच्या अर्थची क्लॅम्प ब्रॅकेटशेजारीच लावा, करंट बेअरिंगमधून जाता कामा नये. गिअरबॉक्सचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना समांतर ठेवा, क्रॉस-जॉइंटला एक-दोन अंशांचा कोन राहू द्या. अगदी शून्य कोन नको, आतल्या बेअरिंगच्या सुया एकाच जागी बसून खड्डे पाडतात.

मग मी काय घेईन

वर धरलेल्या गाडीसाठी, आणि पहिल्यांदाच बांधत असाल तर, ईकोचा एक्सल. खड्ड्यात एक चाक उडालं की दुसरंही हलतं, स्प्रिंगखालचं वजन जास्त, हे मान्य. पण १९५७ ची पहिली लोटस सेव्हनही आख्ख्या एक्सलवरच धावली. शिवाय ड्रम ब्रेक आणि हँडब्रेकची केबल आयती मिळते, हा फायदा हिशेबात कुणी धरत नाही.

दीडशे हॉर्सपॉवरच्या पुढचं इंजिन हाताशी असेल, पुढचे हबही त्याच जर्मन गाडीचे वापरणार असाल आणि चासिसच्या मागच्या भागाची एकही नळी अजून कापली नसेल, तरच सुटा डिफरन्शियल. तिन्ही अटी हव्यात. नळ्या जोडून झाल्यावर हा निर्णय बदलू नका.

आणि दोन्ही बाबतींत भंगारवाल्याकडून बिल आणि मूळ गाडीची नोंदणी रद्द झाल्याची प्रत मागा. घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर मान्यतेच्या चाचण्यांसाठी एआरएआयसारख्या वाहन-चाचणी संस्थेचं दार ठोठावावं लागतं. ती संस्था कोथरूडला, म्हणजे अंतराने जवळच. खर्चाने नाही. बहुतेकांच्या गाड्या खासगी आवारात आणि ट्रॅकवरच फिरतात, तिथेही चोरीचा एक्सल निघाला तर पोलीस बिलच मागतात.